गोळी अडकली? आधी बघा, मग हात लावा

मे महिन्यातली सकाळ. साडेसातच वाजलेत, पण रेंजच्या पत्र्याखाली घाम निथळायला लागलाय. शेजारच्या लेनवर एक नवी मुलगी, एअर पिस्तुलात दोन वर्षं काढून नुकतीच .२२ बोअरच्या पिस्तुलावर आलेली. तिसरी गोळी नीट सुटली. चौथीला ट्रिगर दाबला तर काहीच नाही. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग, अर्धवट उघडी. तिने खसकन स्लाइड ओढली, गोळी सिमेंटवर टणटणत गेली, स्लाइड सोडली, पुढचीही तशीच अडकली. पुन्हा खसकन. मागून सरांचा आवाज आला, "काऊन घाई करून राहिली? काय अडकलं होतं, पाहिलं का?"

तिने पाहिलं नव्हतं. पहिले सहा महिने मीही कधी पाहिलं नाही.

एअर पिस्तुलात एकेक छर्रा हाताने भरायचा असतो, त्यामुळे "जाम" हा प्रकार आपल्या अंगवळणी नसतो. २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलावर आलं की मॅगझीन (गोळ्या भरायची डबी) आली, स्प्रिंग आली, मेण लावलेल्या शिशाच्या गोळ्या आल्या आणि त्यांच्यासोबत अडकणंही आलं. यात लाजण्यासारखं काही नाही. टोकियोत २०२१ साली मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरीत बिघडलं आणि मोलाची मिनिटं गेली. हत्यार कुणाचंही रुसतं. .२२ मात्र रुसलं की कारण सांगून रुसतं. अडकलेल्या गोळीकडे तीन सेकंद नीट पाहिलं तर दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा तिथेच दिसतं. आपण स्लाइड ओढतो आणि पुरावा जमिनीवर पाडतो.

पहिली तीस सेकंदं

नळी टार्गेटकडेच. बोट ट्रिगरवरून काढून बाहेर, फ्रेमला टेकवलेलं. पिस्तूल फिरवून "काय झालं" म्हणून तोंडाकडे आणायचं नाही, शेजाऱ्याला दाखवायला वळायचं नाही. गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथून ती झाडली जाते) गेली होती, घोडा पडला आणि आवाज आला नाही, असं असेल तर नळी तशीच धरून मनात तीस आकडे मोजा. क्वचित कधी गोळी उशिरा पेटते आणि ती उशिरा पेटते तेव्हा स्लाइड उघडी असू नये.

आवाज आला पण "ठॅक्" ऐवजी "फुस्स" आला, हाताला धक्का कमी जाणवला, टार्गेटवर भोकही नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकून बसलेली असू शकते. पुढची झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. अशा वेळी स्वतः काही करायचं नाही. सरांना हाक मारायची.

बाकीच्या वेळी, आता बघा. गोळीचं टोक कुठे टेकलंय? वर, खाली, की अर्धी आत? अडकलीय ती जिवंत गोळी की रिकामी पुंगळी? मॅगझीन पूर्ण वर बसलीय का? मॅगझीनमधली पुढची गोळी कशी दिसतेय? नळी धरून तुम्ही उभे असताना सरांना किंवा रिकाम्या बसलेल्या मित्राला मागून मोबाइलवर फोटो काढायला सांगितलं तर उत्तमच. माझ्याकडे असे फोटो आहेत आणि त्यातल्या निम्म्यांनी माझी एकेक गैरसमजूत मोडलीय.

मग काढायचं, आणि क्रम चुकवायचा नाही. आधी मॅगझीन बाहेर. मग स्लाइड मागे ओढून अडकवायची. मग अडकलेली गोळी आपोआप पडू द्यायची. मग चेंबरमध्ये डोळ्याने बघून नारिंगी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे चेंबर रिकामं असल्याची खूण, घालायचा. (संत्रानगरीत तरी हा फ्लॅग विसरू नये.) मॅगझीन आत ठेवून स्लाइड ओढलीत तर ती दुसरी गोळी वर आणते आणि आता दोन अडकतात, त्या मुलीचं तेच झालं. स्लाइड ओढताना पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीवर तळहात धरून गोळी झेलायची हौस काही जणांना असते, ती सोडा. .२२ ची बारूद पेटवणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत असतो. इजेक्टर (पुंगळी बाहेर उडवणारा भाग) चुकून त्या कडेवर जोरात आपटला तर पितळेचे तुकडे हातात जातात.

गोळी चेंबरमध्ये घट्ट बसून निघतच नसेल तर स्क्रूड्रायव्हर, चाकू, हेअरपिन काहीही घालायचं नाही. आणि जिवंत गोळी आत असताना नळीच्या तोंडातून रॉड घालून ढकलायचं तर कधीच नाही. रिकामी पुंगळी असेल तर लाकडी किंवा नायलॉनच्या रॉडने हलकेच ढकलता येते, तेही सर शेजारी असताना.

हे यंत्र चालतं कसं

या पिस्तुलात स्लाइडला (काही मॉडेल्समध्ये बोल्टला) कुलूप नसतं. ती फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोरावर बंद राहते. गोळी सुटली की त्याच धक्क्याने पुंगळी मागे ढकलली जाते, स्लाइड मागे जाते, एक्सट्रॅक्टरचा आकडा पुंगळीची कड धरून तिला ओढतो, इजेक्टर तिला बाहेर उडवतो. परत येताना स्लाइड मॅगझीनमधली वरची गोळी पुढे ढकलते, ती उतारावरून घसरत चेंबरमध्ये जाते. सगळं ४० ग्रेन, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमच्या शिशाच्या गोळीच्या धक्क्यावर. जोर मुळात थोडा, त्यामुळे थोडीशी घाण, थोडं घट्ट तेल, थोडं सैल मनगट, एवढंही पुरतं.

दुसरी भानगड कडेची. .२२ च्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. पुंगळी साधारण ५.७ मिलिमीटर, कड ७ मिलिमीटरच्या आसपास. मॅगझीनमध्ये एकावर एक ठेवताना या कडा एकमेकींत अडकू शकतात. वरच्या गोळीची कड खालच्या कडेच्या पुढे हवी. मागे गेली तर स्लाइड वरचीला ढकलते, ती खालचीला ओढते आणि दोघी जागच्या जागी. १८८७ सालापासून चालत आलेलं हे काडतूस आहे, त्याच्या खोडी आता बदलायच्या नाहीत.

काय दिसलं, त्याचा अर्थ काय

टोक खाली, उताराच्या पायथ्याशी रुतलेलं: बहुतेक वेळा मॅगझीन पूर्ण वर बसलेली नाही, किंवा तिची स्प्रिंग दमलीय. मॅगझीन आत गेल्यावर "क्लिक" ऐकू येतो का आणि खाली ओढल्यावर ती हलते का, हे आधी बघा. टोक वर, चेंबरच्या वरच्या काठावर: मॅगझीनचे ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) फाकलेत, ते गोळीला वेळेआधी सोडताहेत.

गोळी अर्ध्याहून जास्त आत आणि स्लाइड दोन-तीन मिलिमीटर उघडी: चेंबर घाण आहे, किंवा त्या एका गोळीचं नाक वाकलंय. स्लाइडला मागून अंगठ्याने ढकलून बंद करायचा मोह होतो. नाही करायचं. का आत जात नाही हे कळल्याशिवाय जबरदस्तीने बंद केलेली गोळी झाडू नये.

रिकामी पुंगळी खिडकीत उभी, छोट्या धुराड्यासारखी: ती नीट उडाली नाही. एक्सट्रॅक्टरखाली मेण-काजळी साचलीय, किंवा स्लाइड पुरती मागे गेली नाही.

स्लाइड बंद, पण चेंबर रिकामं, आणि मॅगझीनमध्ये गोळी आहे तिथेच: स्लाइड गोळीच्या डोक्यावरून निघून गेली. याला दोन कारणं आणि ती वेगळी करायची एक सोपी युक्ती सरांनी मला शिकवली. पायाखालच्या पुंगळ्या बघा. तुमच्या पिस्तुलाच्या पुंगळ्या नेहमी जिथे पडतात तिथेच पडल्या असतील तर स्लाइड पुरती मागे जातेय, दोष मॅगझीनच्या स्प्रिंगचा. पुंगळ्या आज जवळच, बुटापाशी टपटप पडताहेत? मग स्लाइडच अर्ध्या वाटेतून परततेय. घाण, घट्ट तेल, कमजोर गोळ्या किंवा सैल हात. हे कळायला दोन रुपयेही लागत नाहीत, फक्त खाली बघावं लागतं.

आणि कितव्या गोळीला अडकतं? दर वेळी पहिलीलाच अडकत असेल तर दोष बहुतेक आपल्या हातात असतो. आपण स्लाइड हळुवार, हाताने धरून पुढे नेतो. तिला पूर्ण मागे ओढून सोडून द्यायचं, स्प्रिंगलाच तिचं काम करू द्यायचं. दर वेळी शेवटचीला अडकत असेल तर मॅगझीनची स्प्रिंग किंवा गोळ्या वर ढकलणारी पट्टी बघा. शंभर-दीडशे गोळ्यांनंतर सुरू होत असेल तर साफसफाई.

मॅगझीन, मॅगझीन आणि मॅगझीन

तीन आठवडे मी गोळ्यांना शिव्या देत होते. लॉट (गोळ्यांची खेप) बदलला, तेल बदललं, सरांना म्हटलं उतारावर जरा पॉलिशपेपर मारू का. सर म्हणाले, "आधी मॅगझीनवर नंबर टाक." माझ्याकडे दोन मॅगझिनी होत्या, दिसायला जुळ्या बहिणी. घरी येऊन बहिणीच्या नेलपॉलिशने एकीवर एक ठिपका आणि दुसरीवर दोन ठिपके दिले. पुढच्या तीन दिवसांत वहीत अकरा वेळा अडकल्याची नोंद झाली. अकराच्या अकरा दोन ठिपकेवाल्या मॅगझीनच्या. उजेडात धरली तर डावा ओठ केसभर बाहेर गेलेला. मग आठवलं, महिनाभरापूर्वी ती माझ्या हातून बेंचवरून सिमेंटवर पडली होती, तोंडावर.

म्हणून सगळ्यात पहिलं काम: प्रत्येक मॅगझीनला खूण. दुसरं: भरताना मॅगझीनचं बटण पूर्ण खाली ओढून गोळ्या आत टाकून द्यायच्या नाहीत. एकेक गोळीपुरतंच बटण खाली, एकेक गोळी वरून मागे सरकवत बसवायची, कड कडेच्या पुढे आहे हे डोळ्याने बघत. स्पर्धेत पाचच गोळ्यांची सिरीज असते, एवढा वेळ नक्की मिळतो. भरल्यावर वरून पाहिलं की सगळ्या गोळ्यांची नाकं किंचित वर आणि एका रांगेत दिसायला हवीत. एखादी मान खाली घालून बसली असेल तर सगळ्या काढून पुन्हा भरा.

रिकाम्या मॅगझीनमधली पट्टी काडीने खाली दाबून सोडा. ती झटक्यात वर आली पाहिजे. मध्येच रेंगाळली तर आत मेण आणि धूळ आहे. बूड काढून स्प्रिंग बाहेर घेताना अंगठा दाबून धरा, नाहीतर स्प्रिंग सोफ्याखाली आणि तुम्ही तिच्यामागे. आतून कोरड्या कापडाने पुसायची. तेल लावायचं नाही. तेलाला धूळ चिकटते, आणि गोळीच्या कडेपर्यंत तेल झिरपलं तर ती पेटायलाही कुचराई करते.

वाकलेले ओठ पक्कडीने सरळ करणारे वीर प्रत्येक रेंजवर असतात. त्यांची मॅगझीन दोन दिवस चालते. पाव मिलिमीटरचा खेळ असतो तो. नवी मॅगझीन घ्या, जुनी सरावातल्या ड्राय ड्रिलसाठी (गोळी न झाडता करायच्या सरावासाठी) ठेवा. पार्दिनी किंवा वॉल्थर जीएसपीसारख्या पिस्तुलांत मॅगझीन ट्रिगरच्या पुढे बसते, हॅमर्ली २०८ मध्ये मुठीत. जागा वेगळी असली तरी दुखणं तेच.

गोळ्या

टार्गेट पिस्तुलाची स्प्रिंग साधारणपणे स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या, म्हणजे सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास जाणाऱ्या, ४० ग्रेनच्या गोळीच्या हिशेबाने बसवलेली असते. जास्त वेगाची गोळी घातली की स्लाइड मागे जाऊन आपटते, फ्रेमला मार बसतो. मुद्दाम मंद केलेली गोळी घातली तर स्लाइड पुरती मागे जात नाही. आपल्या पिस्तुलाच्या पुस्तकात काय लिहिलंय ते आधी वाचा, मग मित्राकडून उरलेला डबा घ्या.

प्रत्येक पिस्तुलाची आवडनिवड असते. एकाला जो लॉट लोण्यासारखा जातो, तोच दुसऱ्याला खपत नाही. नवीन लॉट आला की ५० गोळ्या त्याच मॅगझीनमधून, त्याच दिवशी, जुन्या लॉटच्या ५० गोळ्यांसोबत झाडून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. मॅगझीन, लॉट आणि तेल तिन्ही एकदम बदललंत आणि जाम थांबला, तर कशामुळे थांबला हे कधीच कळणार नाही.

अडकून निघालेली गोळी पुन्हा भरू नका. शिसं मऊ असतं, पुंगळीत गोळी फारशी घट्टही नसते. एकदा उतारावर आपटली की नाक वाकतं. अशा गोळ्या आणि न पेटलेल्या गोळ्या रेंजवरच्या डब्यात टाकायच्या. घरच्या कचऱ्यात नाही, खिशात तर नाहीच. गोळ्यांचा हिशेब रजिस्टरमध्ये लागतो.

नागपूरचं हवामान

पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सांगून पटत नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ च्या वर जातो. गाडीच्या डिकीत गोळ्यांचा डबा ठेवून सीताबर्डीला खरेदी उरकायला गेलात तर परत येईपर्यंत गोळ्यांवरचं मेण मऊ होऊन बोटाला लागतं. त्याला रेंजची धूळ चिकटते आणि ती खरबरीत लापशी थेट चेंबरमध्ये जाते. गोळ्या सोबत, सावलीत, कापडी पिशवीत ठेवा.

उन्हाळ्यात तेल कमी. स्लाइडच्या दोन्ही रुळांवर एकेक थेंब, वरून पुसून. चकचकीत ओलं पिस्तूल दोनशे गोळ्यांत काळ्या चिखलाने भरतं. डिसेंबरात उलट. सकाळी सातला पारा दहाच्या आसपास असतो, जाड तेल आणि मेण दोन्ही आखडतात आणि स्लाइड आळसावते. थंडीत पातळ तेल वापरा आणि पहिल्या सिरीजआधी रिकामी स्लाइड पाच-सहा वेळा मागेपुढे करा.

पावसाळ्यात गंज चढतो हे सगळ्यांना माहीत असतं. मे महिन्यातही चढतो हे मला उशिरा कळलं, कारण घरात कूलर. बाहेर हवा कोरडी ठक्क, पण कूलरसमोरची खोली दमट. पिस्तूल फोमच्या पेटीत बंद करून त्या खोलीत ठेवलं की फोम ओल धरून बसतो. परवान्याच्या अटीनुसार कुलपात ठेवाच, पण कूलर नसलेल्या खोलीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

साफ करताना तीन जागा विसरू नका: चेंबरच्या तोंडाशी साचणारी मेण-शिशाची कडी (ब्रशने), एक्सट्रॅक्टरच्या आकड्याखालची फट (टूथपिकने) आणि बोल्टचा चेहरा, म्हणजे पुंगळीच्या बुडाला टेकणारी बाजू (जुन्या टूथब्रशने). बाकी नळीला रोज रोज घासायची गरज नसते. शिशाच्या काजळीने हात काळे होतात, ते साबणाने धुतल्याशिवाय तर्री-पोह्याच्या प्लेटला हात लावायचा नाही.

एक लपलेलं कारण सांगते. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबत राहिलं तर काही पिस्तुलांत फायरिंग पिन (गोळीच्या कडेवर आपटून ती पेटवणारी खीळ) चेंबरच्या काठावर आपटते. तिथे बारीक खड्डा पडतो, आतल्या बाजूला धातू उठून येतो आणि मग चेंबर कितीही धुवा, गोळी आत जाताना अडते, पुंगळी निघताना अडते. ड्राय फायरसाठी पिस्तुलाची वेगळी सोय असेल तर ती वापरा, नसेल तर डमी (बारूद नसलेल्या) गोळ्या घ्या. खड्डा पडलाच असेल तर तो घरी कानस घेऊन घासायचा नाही. उतार, चेंबर, एक्सट्रॅक्टर यांना हत्यार लावणं हे परवानाधारक कारागिराचं काम. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, तो काही उगाच नाही.

आणि मनगट? सैल धरलं तर पिस्तूलच मागे जातं, स्लाइडला मागे जायला आधार उरत नाही. शेजारच्या लेनवरच्या सरांच्या हातात तुमचं पिस्तूल, तुमची मॅगझीन, तुमच्या गोळ्या विनातक्रार चालल्या, तर उत्तर मिळालं.

स्पर्धेत अडकलं तर

सरावात "बघा, मग हात लावा". स्पर्धेत "बघाही, पण हात लावूच नका". पिस्तूल घट्ट धरून ठेवायचं, नळी टार्गेटकडे, मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. तो तपासेल. पुंगळी अडकली, गोळी पेटली नाही, मॅगझीनमध्ये जाम झालं, असं असेल तर ते ग्राह्य धरतात आणि नियमाप्रमाणे संधी मिळते. पण त्याने तपासण्याआधी तुम्ही स्लाइडला किंवा सेफ्टीला हात लावलात, मॅगझीन नीट बसवलीच नव्हती किंवा गोळ्या कमी भरल्या होत्या, तर अग्राह्य. न झाडलेल्या गोळ्यांचे शून्य.

माझे दोन शून्य असेच गेले. रॅपिडच्या (झटपट झाडायच्या) सिरीजला चौथीला अडकलं आणि माझा डावा हात वर जाण्याऐवजी सवयीने स्लाइडवर गेला. रेंज ऑफिसर अगदी शांतपणे "नॉन-अलाउएबल" म्हणाला. वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

तेव्हापासून सर आमची मॅगझीन स्वतः भरतात. पाचात एक डमी कुठेतरी घालतात, कितवी ते सांगत नाहीत. डमी आली की नळी जागच्या जागी राहिली पाहिजे आणि मोकळा हात वर गेला पाहिजे. (गोळी सुटेल म्हणून आपण मनगट आधीच दाबतो हेही त्यात उघडं पडतं, तो वेगळा विषय.) मागच्या रविवारी त्या नव्या मुलीला पहिल्या तीन मॅगझिनींत दर वेळी स्लाइड ओढायची होती. चौथीला हात वर गेला, पण उजवाच, पिस्तुलासकट. सरांनी डोक्यावर हात मारला, रेंज बंद केली आणि तिला पाणी प्यायला पाठवलं. पाचवीला डावा गेला.

हा सराव करणार असाल तर डमी वेगळ्या रंगाच्या घ्या आणि सुरू करताना व संपवताना मोजा. आमच्या सहा आहेत, मागच्या महिन्यात पाचच भरल्या. सहावी दोन दिवसांनी माझ्या डब्याच्या पिशवीत सापडली.